सातव्या खिळ्यावरची वायर

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो! जिना चढताना ट्रंकेची कडी तुटली आणि शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान सगळं पायऱ्यांवरून घरंगळत खाली गॅरेजात जाऊन पडलं. खालची मंडळी खदाखदा हसली. कॉलेजात कुणी असं हसलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. आज मलाच हसू आलं. नव्या जागेचा हा गुण असेल तर बरंच आहे.

खोली गॅरेजच्या बरोबर वर. लोखंडी खाट, डगमगणारं टेबल, अंगणात उघडणारी खिडकी. उशीलासुद्धा ऑइलचा वास आहे, पण तो मला चालतो. मालकांना सगळे काका म्हणतात. मामाच्या जुन्या ओळखीतले. त्यांनी माझी गुणपत्रिका बघितलीच नाही, हात बघितले. पाना कुठल्या हातात धरतोस, विचारलं. डाव्या म्हटल्यावर खूश झाले. डॅशबोर्डखालच्या अडचणीत डावखुऱ्याचा हात बरोबर शिरतो म्हणे.

दुसरे इथले इलेक्ट्रिशियन. बोलता बोलता मध्येच गप्प होतात म्हणून सगळे त्यांना फ्यूज म्हणतात, आणि तेही ओ देतात. दोन मिनिटांत त्यांनी माझं बारसं उरकलं: अर्धा इंजिनिअर. चारातली दोन वर्षं झाली, म्हणजे अर्धाच.

मामा निघताना म्हणाला, सुंभ जळलाय तुझा, आता पीळ तेवढा जाऊ दे. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

इथे नियम दोनच, पण काका ते देवाच्या शपथेसारखे पाळतात.

पहिला, लाल वायरींचा. बिघाड शोधताना कधी कधी एखादा स्विच बाजूला टाकून त्याची दोन टोकं सरळ जोडून बघावी लागतात. स्विच खराब असेल तर लगेच कळतं. त्यासाठी वीतभर लांबीच्या सात लाल वायरी आहेत, भिंतीवर फळीवर सात खिळ्यांना टांगलेल्या. संध्याकाळी शटर ओढण्याआधी काका फळीपुढे उभे राहतात आणि विचारतात, सात? सात दिसल्याशिवाय कुणी घरी जात नाही. एखाद्या गाडीत अशी वायर राहून गेली तर काय होईल, हे ते सांगत नाहीत. फ्यूज सांगायला लागले होते, पण मध्येच गप्प झाले.

दुसरा नियम सोबतीचा. ज्याने गाडी खोलली त्याने ती द्यायच्या दिवशी गिऱ्हाइकाशेजारी बसायचं. गावाबाहेर कालव्याच्या काठाने चौदा किलोमीटर नाकासमोर जाणारा रस्ता आहे. शेवटी पंपघर, तिथे काटकोनात वळण आणि कालव्यावरचा अरुंद पूल. तिथवर जायचं आणि परत यायचं. दर किलोमीटरच्या दगडाला वेग वहीत टिपायचा. ही तीच वही. पुढून गाड्यांच्या नोंदी, मागून माझी रोजनिशी. काकांना सांगितलं तर म्हणाले, लिही, पण दोन्हीकडे खरं लिही.

आज एका टेम्पोचा आरसा बसवला आणि दोन हॉर्न दुरुस्त केले. फ्यूजनी चहा पाजला.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. तिला फोन लावला. अजून बंदच आहे तो रस्ता. माझा नंबर तिने अडवलाय. सात महिने झाले. सगळं अगदी जुलैत होतं तसंच.

लिहायचं नव्हतं, पण खरं लिहायचं ठरलंय. वर्गातल्या एका मुलाने तिला वह्या दिल्या, घरी सोडतो म्हणाला. मी त्याला प्रयोगशाळेच्या जिन्यावर गाठलं. ती मध्ये आली, पायरीवरून पडली, घोटा मोडला. माफी माग, नाहीतर नाव कमी करतो, असं प्राचार्य म्हणाले. तीही म्हणाली, माफी माग. मी म्हटलं, काय चूक केली मी? तुमचं कॉलेज तुम्हालाच लखलाभ. आणि निघालो.

तिने थांबवलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

हसावं की रडावं! आज गॅरेजात कुठली गाडी यावी?

बावीस वर्षांची, राखी रंगाची. फाटकातून वळली तेव्हाच ओळखली. मागच्या डाव्या दाराला पोचा आहे, बुटाच्या टाचेएवढा. तो माझ्याच बुटाचा. एकदा ती न बोलता गाडीत बसून गेली तेव्हा घातलेली लाथ. याच गाडीतून तिचे वडील तिला कॉलेजात सोडायचे.

उतरले तेच. मला ओळखलं नाही. कसं ओळखणार, त्यांनी मला कधी धड बघितलंच नव्हतं. बाळा म्हणाले मला. त्यांना क्रूझ कंट्रोल नीट करून हवाय. म्हणजे वेग एकदा ठरवून बटण दाबलं की गाडी तोच वेग धरून ठेवते, पाय उचलून घ्यायचा. ब्रेकला पाय लागला की सुटतो. वर्षभर चालतच नाही म्हणे. मुलीला कॉलेजतर्फे दूरच्या शहरात सहा महिन्यांची उमेदवारीची नोकरी लागली, सहा तासांचा रस्ता, गाडी ती नेणार, आणि उजव्या घोट्याला फार वेळ दाब सहन होत नाही.

काकांनी विचारलं, कोण घेतो? मी घेतो म्हणालो. इतक्या जोरात की फ्यूजनी वळून बघितलं.

कारण सोबतीचा नियम.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर तीच गाडी. फ्यूज म्हणतात, बिघाड शोधणं म्हणजे भांडण सोडवणं, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं. आधी खरा फ्यूज बघितला, शाबूत. स्टिअरिंगवरची बटणं ठीक. इंजिनाच्या बाजूच्या नळ्यांना फुंकर घालून बघितलं, कुठे गळती नाही. उरलं ब्रेकचं पेडल. त्याच्यामागे बोटाच्या पेराएवढा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो क्रूझची वायर तोडतो. या गाडीला सुटकेचं दार हे एवढंच. तो स्विच कायमचा तुटलेला, म्हणजे गाडीला वाटतंय की कुणीतरी सतत ब्रेकवर पाय ठेवून आहे. वर्षभर बिचारी तशीच धावत होती.

सातव्या खिळ्यावरची लाल वायर घेतली, डाव्या हाताने तीन पीळ देऊन स्विचची दोन टोकं जोडली, आणि टेकूंवर चढवलेल्या गाडीने वेग धरला! काकांनी पाठ थोपटली. नवा स्विच शुक्रवारी येईल.

ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली आहे, तिच्या उंचीला. ती मागे सरकवायला जीव झाला नाही. गुडघे पोटाशी घेऊन काम केलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी तिचे वडील आले. वीस तारखेला ती स्वतः गाडी न्यायला येणार आणि तशीच निघणार. चहा पिताना काकांना पायाची हकिगत सांगत होते. वर्गात कुणी एक माथेफिरू होता म्हणे, त्याने ढकललं. पोलिसांत जाणार होते, पण पोरीनेच अडवलं. म्हणाली, मला त्याचं नावसुद्धा कुठे लिहायचं नाही. आता सुखात आहे, हसते, खाते-पिते, त्याला पार विसरली.

हे सगळं माझ्यादेखत. मी त्यांना कप आणून दिला होता.

मग गाडी कालव्याच्या रस्त्यावर काढली. वायर जोडलेलीच होती. शेजारी फ्यूज. काकांनी साठवर धर म्हणून बजावलं होतं. कानात तेच घुमत होतं, पार विसरली, पार विसरली. बटण दाबलं तेव्हा काटा त्र्याऐंशीवर होता. फ्यूज ओरडले. मी ब्रेक दाबला, वायर होती म्हणून क्रूझ सुटला नाही, गाडी ब्रेकशी झगडायला लागली. शेवटी किल्ली बंद केली तेव्हा थांबली.

संध्याकाळी काका फळीपुढे उभे राहिले. सात?

सात.

खोटं. वायर गाडीतच होती. रिळातून नवी कापून टांगली. पुन्हा पेडलखाली वाकायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. उद्या काढतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा स्विच आला. बसवला. लाल वायर काढून खिशात टाकली. टेकूंवर चाचणी: ब्रेक दाबला की सुटतोय. झालं काम.

एक गोष्ट विचित्र. किल्ली बंद केली की क्रूझने वेग विसरायचा असतो, त्याची तशी रचनाच असते. ही विसरत नाही. किल्ली फिरवून पुन्हा जुना वेग मागितला की काटा सरळ त्र्याऐंशीवर. बॅटरीची तार तासभर काढून ठेवली. तरी त्र्याऐंशी. काका म्हणाले, जुनी गाडी, खोड असेल.

मला तर ती गाडी आवडायला लागली. एकजण तरी विसरत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वायर पुन्हा आहे.

झाकण लावायला वाकलो तर नव्या स्विचच्या टोकांना लाल वायर. कालची माझ्या ट्रंकेत आहे, आत्ताच बघून आलो. फळीवर सात. म्हणजे ही नववी. फ्यूजनी चेष्टा केली असेल म्हणून त्यांच्यावर चाल करून गेलो, मोठ्या माणसाला नको ते बोललो. त्यांनी शांतपणे वायर हातात घेतली, टोकं बघितली. आमचे सगळ्यांचे पीळ उजवे, म्हणाले. हा डावा आहे.

मी काढली. दुसरं काय करणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा.

काढली. जेवून आलो. पुन्हा. काढली.

ट्रंकेत आता चार आहेत. चारही सारख्या. तीन पीळ, डावे.

फ्यूज विचारत होते, लाल रीळ इतकं कसं संपलं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी वर खोलीत पडलो होतो. नक्की पडलो होतो, उशीचा वळ गालावर होता. फ्यूज सांगतात, तेवढ्या वेळात मी त्या गाडीच्या पेडलखाली आडवा होतो. पाय बाहेर. हाक मारली तर ओ दिली नाही. मी कुणाशी तरी बोलत होतो म्हणे, हळू, लाडीगोडी लावल्यासारखा.

त्यांना म्हटलं, चष्मा बदला. ते हसले नाहीत. माझ्या बोटांकडे बघत राहिले.

डाव्या अंगठ्यात तांब्याची तार टोचलेली आहे. बारीक तीन टोचे.

१८ फेब्रुवारी

गाडी टेकूंवर होती. चाकं हवेत. किल्ली काकांच्या खिशात. मी आणि फ्यूज समोर उभे. चाकं फिरायला लागली. सावकाश, मग — काटा चढत गेला. साठला थांबला नाही. त्र्याऐंशीला थांबला. फ्यूजनी बॅटरीची तार उपटली. तरी अर्धा मिनिट.

फ्यूजनी डबा उचलला, घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले, अरे अर्ध्या, जे असेल ते काकांना सांगून टाक. त्यांचं बोलणं पहिल्यांदाच पूर्ण झालं.

संध्याकाळी काका फळीपुढे नाही, माझ्यापुढे उभे राहिले. सात?

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण सांगितलं तर गाडी दुसऱ्याकडे जाणार. सोबतीला दुसरा बसणार.

सात, म्हणालो.

१९ फेब्रुवारी

खरं लिहितो. दोन्हीकडे.

ती जिन्यावर पडली नव्हती. मी ढकललं. ती मध्ये आली म्हणून नाही — ती त्याचा हात धरून उभी राहिली म्हणून.

आणि त्या बुधवारी वायर काढायचा कंटाळा आला नव्हता. विसरलोही नव्हतो. वाकलो होतो, हात वायरीवर होता. मनात म्हटलं, राहू दे. सुखात आहे ना? जाऊ दे सुखात. ब्रेकच लागू नये तिला —

एवढंच म्हटलं होतं. एकदाच. मग मागे घेतलं. रोज मागे घेतोय. रोज काढतोय.

आज सहा वेळा काढली. संध्याकाळी स्विचच उपटून फेकला, वायरी कापल्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. चहा पिऊन आलो. नवा स्विच जागेवर. चिकटपट्टी नाही. लाल वायर आहे. गरम.

उद्या ती येणार. पहाटेच गाडी कालव्यात घालतो. नाहीतर काकांना —

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी नऊ

घातली नाही. सांगितलंही नाही.

उठून दाढी केली. धुतलेला शर्ट घातला. आरशात बघेपर्यंत कळलंच नाही मी हे कशासाठी करतोय.

पेडलखाली बघितलं. वायर नाही. तीनदा बघितलं. नाही! फळीवर सात. ट्रंकेतल्या मोजल्या, अकरा, सगळ्या आहेत. गेलं ते. सुटलो.

ती आली. एकटी. घोट्याला पट्टा, थोडी लंगडते. मला बघून थबकली. काकांना विचारलं, हेच बसणार का सोबत? काका म्हणाले, इथे तोच नियम आहे पोरी, पण तुला नको असेल तर मी बसतो. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, तुम्ही काम केलंय ना, बसा.

तुम्ही.

फ्यूज आज आलेच नाहीत.

गाडीत

दगड १. वेग ५८. सगळं ठीक.

दगड २. ६२. ब्रेक लावून बघितला, उत्तम. ती रस्त्याकडे बघते. मी वहीकडे.

दगड ३. ७१. घोट्याबद्दल विचारलं. बरा आहे, म्हणाली. माफी मागितली. सात महिन्यांनी. ती म्हणाली, ठीक आहे. कुणालाही म्हणतात तसं.

दगड ४. ८३. बटण तिने दाबलं नाही. म्हणते, मी नाही दाबलं.

दगड ५. ८३. पाय उचलून घेतला. किती बरं वाटतं, म्हणाली. हसली थोडी. मला नाही, रस्त्याला. पण मी शेजारी होतो. असंच चालत राहावं. पंपघर येऊच नये. थांबूच नये ही —

नको. हे खोडतो.

दगड ७. ८३. एक दगड टिपायचा राहिला. ब्रेक दाबतेय ती. ८३.

दगड ८. दोन्ही पायांनी. ८३. ती विचारते, काय केलंयत तुम्ही?

दगड ९. किल्ली काढली. किल्ली तिच्या हातात आहे. इंजिन चालू. ८३.

दगड १०. वाकलो. आहे. सकाळी नव्हती. लाल, गरम, तीन पीळ. डाव्या हातात धरलीय, उजव्याने लिहितोय म्हणून अक्षर असं — ओढली की निघेल, कळतंय मला, एक हिसका पुरे —

दगड ११. ८३. तिने खांदा धरलाय माझा. म्हणाली, "ओढ ना रे."

रे.

ओढली की सुटेल. गाडी. आणि ती. परत फिरेल, मला अंगणात उतरवेल, तुम्ही म्हणेल, जाईल. सहा तास लांब.

दगड १२. ८३. पुन्हा म्हणाली. रडतेय. माझं नाव घेतलं. कुठेही लिहायचं नव्हतं ते.

ओढतो. ओढतोच.

१३. पंपघर दिसतंय. वळण — हात वायरीवर आहे — आता एकदाच, फक्त अजून एकदा ती रे म्हणाली की —